लाल दोऱ्याची पुरचुंडी

साइमा काल्लिओच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही. स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला एक होतं आणि ते मिनिटाचीही चूक करत नसे. पण रानात जायला निघाली की ती ते तिथेच ठेवून जाई. रानात दिवस मोजायला तिच्याजवळ कॉफी होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती जुन्या अभ्र्यांचे चौकोनी तुकडे टेबलावर मांडायची. एका तुकड्यात एका दिवसाची कॉफी, सकाळची आणि दुपारची मिळून. वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ. दहा दिवसांची फेरी असली की दहा पुरचुंड्या, आणि त्या एका लांबट पिशवीत क्रमाने एकीवर एक. रविवारच्या पुरचुंडीला मात्र लाल दोरा, आणि तिच्यासोबत कागदात गुंडाळलेले वेलदोड्याच्या पावाचे दोनदा भाजलेले काप. सकाळी पिशवीत हात घातला आणि लाल दोरा वर आला, की त्या दिवशी वल्हं पाण्यात जायचं नाही, गळ पाण्यात जायचा नाही, करवतीला हात लागायचा नाही. स्तोत्रांचं पुस्तक बाहेर यायचं. पाहुण्यांनी खडकावर पडून राहावं, नाहीतर आपले मोजे धुवावेत.

थंडर बे शहराच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि नुसती सरोवरंच सरोवरं सुरू होतात, तिथे साइमा आणि तिचा नवरा आर्मास पंचवीस उन्हाळे पाहुण्यांना कनू होड्यांतून मासेमारीला नेत आले होते. साइमा एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, खांद्यांनी रुंद. अर्ध्या मैलाच्या पायवाटेवरून होडी डोक्यावर घेऊन चालली तर मागून नुसती होडी आणि दोन बूट दिसायचे. आर्मास तिच्याहून चार वर्षांनी मोठा. तो बोलायचा कमी. लोक म्हणत, दोघांच्या वाटणीचं बोलणं तीच उरकून टाकते.

रविवारचं हे व्रत तिने आईकडून घेतलं होतं, पण त्याची गाठ पक्की बसली एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात. आर्मास मूस हरणाच्या शिकारीला गेला आणि परतला नाही. बर्फ पडत होतं. गावातले पुरुष तीन दिवस रान धुंडाळत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शनिवारी, साइमा चुलीपुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "देवा, त्याला परत पाठव. तुझ्या दिवशी तुझ्या पाण्यातून मी बोटभर मासळीसुद्धा उचलणार नाही, जिवात जीव असेपर्यंत." रविवारी सकाळी आर्मास आपल्या पायांनी चालत अंगणात आला. एका कानाची पाळी थंडीने गेली होती. दारात उभा राहून त्याने पहिली गोष्ट मागितली ती कॉफी.

पास्टरसाहेबांनी पुढे तिला समजावलं होतं की देव असे सौदे करत नाही. "सौदा नाही," साइमा म्हणाली होती, "शब्द दिलाय. त्याने घेतला की नाही ते त्याचं तो बघेल. मी दिलाय एवढं मला माहीत आहे."

म्हणूनच शहाण्णव सालच्या वसंतात ग्लेन ट्रिम्बलचा फोन आला तेव्हा तिने पहिल्याच दमात रविवार सांगून टाकला. ग्लेन ट्रिम्बल म्हणजे 'ट्रिम्बलचा गळ' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा तो टोपीवाला. त्याला रानातली खरी कनूसफर हवी होती, मोठी सरोवर-ट्राउट मासळी हवी होती, आणि साइमाच्या माहितीचं, कोपरासारखं वळलेलं कोपराचं सरोवर हवं होतं.

"रविवारी तुम्ही म्हणाल तसं, आईशप्पथ," तो फोनवर म्हणाला. "मला तर आवडतं असलं काही. प्रेक्षकांनाही आवडतं."

"आवडायला ते लोणचं नाही," साइमा म्हणाली. "बंद म्हणजे बंद."

सात ऑगस्टला, बुधवारी, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने चौघांना कोपराच्या सरोवरावर सोडलं आणि दुसऱ्या शुक्रवारी न्यायला येतो म्हणून ते गेलं. चौघं म्हणजे साइमा, आर्मास, ग्लेन आणि कॅमेऱ्यावरचा ओव्हिला नावाचा एक क्वेबेककडचा शांत, दाढीवाला माणूस. ग्लेनसोबत अकरा टोप्या होत्या. साइमाने त्या मोजल्या, कारण सामानाच्या बोचक्यांतून त्या तिच्या पिठाच्या पिशवीवर येऊन बसल्या होत्या.

पहिल्याच दिवशी साइमाला कळलं की या माणसाच्या तोंडी दोनच शब्द आहेत. पुन्हा एकदा.

ती होडी डोक्यावर घेऊन पायवाट चढून उतरून झाडांतून बाहेर आली, होडी पाण्यावर ठेवली, पाठ सरळ केली. "झकास," ग्लेन म्हणाला. "पुन्हा एकदा. ढग आला होता."

"कुठे?"

"सूर्यावर."

"आणि मी कुठून पुन्हा?"

"वरून. त्या वळणापासून आलात तरी चालेल."

आर्मासने होडी उचलली आणि वर नेऊन दिली. साइमा पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा ग्लेन म्हणाला की आता तिचा चेहरा दमलेला दिसतोय, मघाशीच बरा होता.

मग मासे. लहानसहान मासे ग्लेनला लागत होते. एक लागला की ओढायचा, हातात धरायचा, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मग ओव्हिला म्हणायचा की हाताच्या सावलीत मासा दिसला नाही, की तोच मासा पुन्हा पाण्यात धरून पुन्हा वर काढायचा. एका माशाला त्याने चार वेळा पकडलं. साइमा होडीच्या मागच्या टोकाला वल्हं धरून बसली होती. "त्याला आता नाव तरी ठेव," ती म्हणाली. "घरचाच झाला तो."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते कुजबुजणं. ग्लेन कॅमेऱ्यापुढे वाकून हलक्या आवाजात सांगायचा, "मित्रांनो, या पाण्यावर आजवर माणसाचं वल्हं पडलेलं नाही." त्याच्या पाठीमागे खडकावर साइमाच्या बापाने बांधलेल्या दगडी चुलीचा काळा डाग होता. ओव्हिलाने कॅमेरा जरा डावीकडे वळवला.

शुक्रवारी वारा सुटला. सरोवरावर पांढऱ्या लाटा उठल्या, होडी घालायची सोय नव्हती. त्यातच साइमाची दाढ ठणकायला लागली. तिने लवंग दाबून धरली, आर्मासने दिलेली गोळी घेतली आणि सकाळची कॉफी पिऊन तंबूत जी आडवी झाली ती दुपारी एकदा उठली, अर्धा कप कॉफी घेतली, पुन्हा पडली, ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. तेव्हा रिमझिम होती, दाढ थांबली होती, आणि डोकं असं जड होतं की दोन हिवाळे झोपून काढल्यासारखं वाटत होतं.

तिने पिशवीत हात घातला. लाल दोरा वर आला.

"म्हणजे मी शनिवार झोपून काढला?" ती तंबूच्या दारातून म्हणाली. "शनिवारच्या वाफेच्या आंघोळीचा तंबू नाही, तिचे दगड तापवले नाहीत, रविवारचं शिजवून ठेवलं नाही. मला उठवायचं कुणी?"

आर्मास चुलीपुढे वाकून लाकडं सारखी करत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुम्ही झोपलात खऱ्या बऱ्याच," ग्लेन म्हणाला. त्याने मनगट बाहीच्या आत घेतलं. "विश्रांती हवीच होती तुम्हाला. मग आज रविवार, नाही का? बसू या निवांत. तसाही पाऊसच आहे."

साइमाला आश्चर्य वाटलं. तिला वाटलं होतं, हा आदळआपट करणार. पण तिने स्तोत्र वाचायला घेतलं तेव्हा ग्लेनने चक्क डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तिने मनात म्हटलं, माणूस तितका वाईट नाही, आपलीच दाढ दुखत होती. त्या दिवशी तिने वेलदोड्याच्या पावाचा सगळ्यात मोठा काप त्याला दिला.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निघालं. पाणी असं स्थिर की काठावरची झाडं उलटी मोजता यावीत. ग्लेनने सकाळपासून तीन काठ्या, सहा प्रकारची आमिषं आणि दोन टोप्या बदलल्या. ऑगस्टात मोठी ट्राउट खोल, गार पाण्यात जाऊन बसते. त्याचा गळ तिच्या डोक्यावरून किती हात वरून जात होता ते साइमाला दिसत होतं. ती दुपारपर्यंत गप्प बसली. मग तिला राहवलं नाही.

"सर बाजूला," ती म्हणाली. आपल्या बोचक्यातून तिने लाकडी फिरकीवर गुंडाळलेली तांब्याची तार काढली, टोकाला बापाच्या वेळचा चमच्यासारखा वाकडा पत्रा. तार बोटांमधून सोडत सोडत तिने ऐंशी फूट खाली घातली आणि हाताने उचल-सोड, उचल-सोड सुरू केली. मासे बिचकू नयेत म्हणून ती हळू आवाजात एक स्तोत्र म्हणत होती. ही तिची जुनी सवय, हाताला ताल राहतो. दुसऱ्या होडीतून ओव्हिलाचा कॅमेरा चालू होता.

तार थांबली. आधी तिला वाटलं खडक लागला. मग तो खडक चालायला लागला.

पंचवीस मिनिटं लागली. सत्तावीस पौंडांची ट्राउट होती, एवढी मोठी साइमाच्या हातांत आजवर आली नव्हती. पाण्यातून वर आली तेव्हा आर्मासही उठून उभा राहिला, आणि तो होडीत कधी उभा राहत नसे. साइमा रडत होती की हसत होती ते तिलाच कळेना. कॅमेऱ्याकडे बघत ती म्हणाली, "आज देवाने मला किती दिलं बघा."

ग्लेनने मासा मांडीवर घेऊन फोटोसारखा चेहरा केला. मग मासा सोडून दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो 'पुन्हा एकदा' म्हणाला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी ते दुसऱ्या टोकाच्या सरोवरावर गेले. पायवाट दलदलीची होती आणि ओव्हिलाची टेपांची पेटी एका बाजूने ओली झाली. साइमाने एक एक टेप काढून उन्हात खडकावर मांडली. ओव्हिला बारकाईने काम करणारा. प्रत्येक डबीवर त्याने वार, तारीख आणि आत काय आहे ते लिहिलं होतं.

एका डबीवर लिहिलं होतं: रविवार, ११ ऑगस्ट. बाईंचा मोठा मासा.

साइमाने ती डबी हातात घेतली, अंगठ्याने पुसून पाहिली. "ओव्हिला," ती म्हणाली, "इथे तुझी चूक झालीय. मोठा मासा सोमवारचा."

ओव्हिला काठी सोलत बसला होता. "नाही बाई. रविवारचा. सोमवारी आपण बदकं कॅमेऱ्यात घेतली. आज मंगळवार आहे."

"आज बुधवार."

"मंगळवार." त्याने खिशातून छोटी डायरी काढून दाखवली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने काठी खाली ठेवली. "काय झालं?"

"मी विश्रांतीला बसले तो दिवस कुठला?"

"शनिवार."

"आणि तू बोलला नाहीस?"

"मला वाटलं तुमच्या चर्चचा सुटीचा दिवस शनिवार असतो," ओव्हिला म्हणाला. "असतात ना काही लोक तसे. मी म्हटलं, एखाद्याच्या धर्माबद्दल कशाला विचारा. बरं दिसत नाही."

साइमाने डबी रांगेत परत ठेवली. ती तिथेच टेपांच्या रांगेशेजारी बसली. पंचवीस वर्षांचे रविवार तिने मनात कधी मोजले नव्हते. आता एकदम सगळे समोर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या शेवटी तो मासा. वर ती स्तोत्र म्हणत होती. वर तिने त्याचे आभार मानले होते.

ग्लेन पाण्यापाशी टोपीची कडा वाकवत उभा होता. त्याला ऐकू गेलं होतं.

"घड्याळ दाखव," साइमा म्हणाली.

"कशाला?"

"मनगट बाहेर काढ. शनिवारी आत घेतलं होतंस ते."

त्याच्या घड्याळाच्या तबकडीत एक चौकोनी खिडकी होती आणि खिडकीत तीन अक्षरांत मंगळवार होता.

"हे बघा साइमा," तो म्हणाला, "शनिवारी पाऊस होता. तुम्हीच म्हणालात रविवार. मी म्हटलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही. शेवटी एक दिवस तुम्ही पाळलातच की. सातातला एक. देव काय पंचांग घेऊन बसलाय?"

"टोपी काढली होतीस," साइमा म्हणाली. "वाचताना. मला आत्ता तेच आठवतंय. मी तुला मोठा काप दिला."

साइमाची नजर पिशवीकडे गेली. दोन पुरचुंड्या उरल्या होत्या. मंगळवार असेल तर तीन हव्यात. ती हळूहळू आर्मासकडे वळली. तो बघत होता समोरच्या डोंगराकडे, जणू डोंगर आजच आणून ठेवलाय.

"आर्मास."

"हं."

"एक पुरचुंडी कुठे गेली?"

आर्मासने घसा साफ केला. एवढं लांब बोलायची त्याच्यावर फार वेळा पाळी आली नव्हती. "तू झोपली होतीस. वाऱ्याच्या दिवशी. याला कॉफी ओततानाचं चित्र हवं होतं. वाऱ्यात वाफ उडते ते. मी ओतली. तो म्हणाला, पुन्हा एकदा. मी ओतली. सात वेळा ओतली. किटली रिकामी झाली. सगळी शेवाळावर गेली."

"दुपारची सगळी कॉफी? जमिनीवर?"

"मग तू दुपारी उठली असतीस आणि कॉफी नसती. म्हणून मी पुढची सोडली."

"आणि सकाळी मी लाल दोरा काढला तेव्हा?"

"मला वाटलं, काहीतरी चुकतंय," आर्मास म्हणाला. "पण मोजायचं काम तुझं. मी म्हटलं, तुला माहीत असेल." जरा थांबून तो म्हणाला, "सांगितलं असतं तर कॉफीचं सांगावं लागलं असतं. तू ओरडली असतीस."

"मग आता काय गाऊ?"

"आता ओरड," आर्मास म्हणाला.

पण साइमा ओरडली नाही. आर्मासला त्याचीच जास्त भीती वाटली. ज्याच्यासाठी शब्द दिला त्यानेच तोंडात मिठाची गुळणी धरून तो मोडू दिला, हे तिच्या मनात आलं तसं त्याच्याही आलं. त्याचा हात आपोआप तुटक्या कानाकडे गेला.

साइमा उठली. उरलेले दोन काप ठेवलेला कागद काढला, स्तोत्रांचं पुस्तक काढलं आणि सावलीत जाऊन बसली.

"हे काय?" ग्लेन म्हणाला.

"रविवार."

"मंगळवार आहे. आत्ताच ठरलं ना?"

"तुझ्या खिडकीत मंगळवार आहे. माझा राहिलेला आज आहे."

"साइमा, मला अजून तीन गोष्टी घ्यायच्यात. तुम्ही मासा तळताना. होडी मावळतीकडे जाताना. आणि माझा शेवट. उजेड बघा कसा पडलाय, असा वर्षातून एकदा पडतो."

"पडू दे."

ग्लेन आर्मासकडे वळला. आर्मास जाऊन बायकोपासून चार हातांवर बसला. त्याच्याजवळ पुस्तक नव्हतं, म्हणून त्याने हात मांडीवर ठेवले. ग्लेनने मग स्वतःच होडी ढकलली. सतरा फुटांची होडी, त्यात मागच्या टोकाला एकटा माणूस, पुढे वजन नाही. पुढचं टोक हवेत वर गेलं, वाऱ्याची झुळूक त्याला लागली, आणि होडी काठापासून वीस हातांवर गोल फिरायला लागली. ग्लेन उजवीकडे वल्हं मारी तसा डावीकडे फिरे, डावीकडे मारी तसा उजवीकडे. टोपी उडाली. ओव्हिला खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा राहिला.

"घेऊ का?" त्याने विचारलं.

"घेऊ नकोस," पाण्यावरून आवाज आला.

शेवटी आर्मासने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याला दोरीने ओढून आणलं. गाढव खड्ड्यात पडलं तर शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशीही काढावं, असं साइमा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

ग्लेन ओले मोजे पिळत तिच्यासमोर बसला. आता त्याचा आवाज खरोखर खाली आला होता. "काय हवंय तुम्हाला? टेप हवी? ती दिली तर माझ्याकडे दहा दिवसांची बदकं उरतात."

साइमाने विचार केला. टेप पाण्यात टाकावी असं मघापासून तिच्या हातांना वाटत होतं. पण टेप बुडवली म्हणून मासा परत खाली जात नाही, आणि रविवार परत येत नाही.

"टेप ठेव," ती म्हणाली. "मासा मी काढला, काढला. पण मी काय म्हणाले ते तुझ्या कॅमेऱ्यात आहे. देवाने दिलं म्हणाले. ते बघणारे समजतील, ही बाई रविवारी गळ टाकते आणि वर त्याचं नाव घेते. तेव्हा तू कॅमेऱ्यापुढे बस आणि सांग. तो रविवार होता, हिला ठाऊक नव्हतं, मला होतं. एवढंच."

"आणि मी ते सांगितलं तर उद्या मासा तळाल?"

"तळीन."

ग्लेनने कोरडी टोपी घातली, खडकावर बसला, ओव्हिलाने तिपाई लावली. ग्लेन हसला, तो कार्यक्रमातला हसायचा तसा. "मित्रांनो, तुम्हाला एक गंमत सांगतो..."

"थांब," साइमा सावलीतून म्हणाली. "गंमत नाही. पुन्हा एकदा."

ग्लेनने पुन्हा सुरुवात केली. रविवारचं सांगितलं, तिला ठाऊक नव्हतं हे सांगितलं, आणि म्हणाला की सगळ्यांचाच जरा घोळ झाला.

"सगळ्यांचा नाही. पुन्हा एकदा."

तिसऱ्यांदा त्याने सगळं नीट सांगितलं. "टोपी खाली आली होती," साइमा म्हणाली. "डोळे दिसले नाहीत. पुन्हा एकदा." चौथ्यांदा ढग आला. तिनेच बोट दाखवून दिलं. पाचव्यांदा त्याचा चेहरा दमलेला दिसत होता. सहाव्यांदा ओव्हिला हसत होता, कॅमेरा हलला. सातव्यांदा ग्लेनने टोपी काढून बाजूला ठेवली, डोळ्यांवरचे केस मागे केले आणि साध्या आवाजात म्हणाला, "तो रविवार होता. या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं की त्या रविवारी मासे धरत नाहीत. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, कारण आभाळ मोकळं होतं. त्या स्तोत्र म्हणत होत्या."

साइमाने पुस्तक मिटलं. "चालेल," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी विमानाची वाट बघत चौघं काठावर बसले होते तेव्हा पिशवी रिकामी होती. साइमाने किटलीत नुसतं पाणी उकळलं आणि चार कपांत ओतलं. ग्लेनने ते तोंड वाकडं न करता प्यायलं.

जानेवारीत कार्यक्रम लागला. शेजारच्या बाईने बघितला आणि सांगितलं की मासा फार सुरेख दिसला, पण साइमा बोलताना आवाज बंद करून वर गिटार घातलंय. ग्लेनचं खडकावरचं सांगणं कुठेच नव्हतं. साइमाला त्याचं नवल वाटलं नाही, पण आठवडाभर तिने भांडी जरा आपटली. फेब्रुवारीत टपालाने एक पुडकं आलं. आत एक टेप होती. डबीवर ओव्हिलाच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: मंगळवार, १३ ऑगस्ट. ग्लेन, सात वेळा. काल्लिओंकडे टेप बघायचं यंत्र नाही. टेप फडताळात कॉफीच्या डब्याशेजारी उभी आहे, आणि पास्टरसाहेब आले की साइमा त्यांना डबी वाचून दाखवते.

आर्मासने काही बोलून दाखवलं नाही. त्या ऑगस्टपासून त्याने रविवारची कॉफी सोडली, एवढंच. साइमाने सांगितलेलं नव्हतं. पहिल्या रविवारी त्याने कप पालथा घातला तेव्हा तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आठवड्याचे बाकी सहा दिवस तो कॉफी पितो. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला बसतात तेव्हा तो दातांत साखरेचा खडा धरून गरम पाणी पितो, आणि सगळी मंडळी त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

परवा कुणीतरी विचारलंच. "काय रे आर्मास, कॉफी बंद?"

"डॉक्टरने सांगितलंय," आर्मास म्हणाला.

साइमाने टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला. "खोटं बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "आज वार कुठला?"

"मग खरं सांगू?"

साइमाने टेबलाभोवतीच्या त्या सगळ्या कान टवकारलेल्या माणसांकडे एकदा बघितलं.

"पाणी पी," ती म्हणाली, आणि आपल्या कपातला वेलदोड्याच्या पावाचा कॉफीत भिजलेला तुकडा उचलून तिने त्याच्या बशीत ठेवला.